सूर्यमालेचं मॉडेल: आधी जागा मोजा, मग प्रमाण ठरवा

बुध १ मिलिमीटरचा केला, तर नेपच्यून सूर्यापासून ९२१ मीटरवर ठेवावा लागतो. मॉडेल पुठ्ठ्याचं असो की पितळेचं, हा हिशोब बदलत नाही. बुधाचा व्यास ४,८७९ किमी आणि नेपच्यूनचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर ४४९.५ कोटी किमी. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की ९ लाख २१ हजार येतात. प्रमाण निवडताना जी काही ओढाताण होते, ती सगळी या एका भागाकारात आहे. सर्वांत छोटा ग्रह डोळ्यांना दिसायला हवा आणि सर्वांत लांबचा ग्रह फाटकाच्या आत राहायला हवा. दोन्ही साधायचं तर किलोमीटरभर मोकळी जागा लागते. शाळेच्या प्रदर्शनातल्या टेबलावर ते होत नाही, कोणी कितीही हुशारी केली तरी.

म्हणून गोळे रंगवायला बसण्याआधी मॉडेल कशासाठी हवंय ते ठरवा. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर धावणारी चांदीची रेल्वे आहे. तिचं काम पाहुण्यांपर्यंत पेयांच्या बाटल्या पोचवण्याचं. खऱ्या इंजिनाशी तिचं प्रमाण जुळतं का, हे कोणी विचारत नाही आणि विचारायची गरजही नाही. सूर्यमालेचंही तसंच आहे. ग्रहांचा क्रम पाठ करून घ्यायचा असेल तर प्लायवर आठ गोळे सारख्या अंतरावर लावा, फक्त खाली ‘प्रमाणात नाही’ असं ठळक लिहा. आकारांची तुलना दाखवायची असेल तर अंतरं सोडून द्या, अंतरं दाखवायची असतील तर आकार सोडून द्या. दोन्ही एकाच प्रमाणात हवे असतील तरच पुढचा उपद्व्याप करा. तो करण्यासारखा आहे, कारण सूर्यमाला किती रिकामी आहे हे फक्त याच प्रकारात पायांना कळतं.

जागेवरून प्रमाण काढणं

सोय म्हणून १ अब्जाचं प्रमाण पाया धरा. १ : १ अब्ज म्हणजे खरी वस्तू १०० कोटी पटीने लहान. या प्रमाणात १,००० किमी म्हणजे बरोबर १ मिमी आणि १० लाख किमी म्हणजे बरोबर १ मीटर. कॅल्क्युलेटर न लावता पुस्तकातले आकडे मॉडेलचे होतात: पृथ्वीचा व्यास १२,७४२ किमी म्हणजे १२.७ मिमी, आणि सूर्यापासूनचं अंतर १४.९६ कोटी किमी म्हणजे १४९.६ मीटर. दुसरं कुठलंही प्रमाण घ्यायचं असेल तर हेच आकडे फक्त भागायचे.

आता तुमच्याकडे मीटरमध्ये किती लांबी आहे ते मोजा आणि ४,४९५ ला त्या लांबीने भागा. उत्तर अब्जात येतं. समजा ९५० मीटर मोकळा रस्ता आहे. ४,४९५ भागिले ९५० म्हणजे ४.७३. हा आकडा नेहमी वर न्यायचा, म्हणजे ५ अब्ज. खाली आणून ४.५ केलात तर नेपच्यून ९९९ मीटरवर जातो, म्हणजे फाटकाबाहेर.

लगेच दुसरी तपासणी. लांबीला ९२१ ने भागा, बुधाचा व्यास मिमीमध्ये मिळतो. ९५० मीटरला १.०३ मिमी, ठीक. ३०० मीटरच्या मैदानाला ०.३३ मिमी, हा ठिपका पेनच्या टोकानेही जाडच येईल. अर्धा मिलिमीटर ही व्यवहारातली खालची हद्द समजा. त्याच्या खाली गेलात तर बुध ‘इथे आहे’ असं सांगावं लागेल, दाखवता येणार नाही.

जगभरात कायम उभारलेल्या मॉडेल्सनी प्रमाण ठरवताना तीन वेगवेगळ्या वाटा घेतल्या आहेत आणि तिन्ही उपयोगी आहेत. वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर २००१ साली उभारलेलं मॉडेल १ : १० अब्जाचं आहे, तिथे गोल आकडा महत्त्वाचा मानला, म्हणजे बघणाऱ्यालाही हिशोब तोंडी करता येतो. अमेरिकेतल्याच मेन राज्यात हमरस्त्याच्या कडेने २००३ मध्ये पूर्ण झालेलं मॉडेल १ : ९.३ कोटीचं आहे. तिथे पृथ्वी-सूर्य अंतर, म्हणजे १ खगोलीय एकक, बरोबर १ मैल आहे, त्यामुळे मोटारीच्या मीटरवर खगोलीय एककं मोजता येतात. स्वीडनमध्ये उलटं केलं: स्टॉकहोममधली घुमटाची प्रचंड इमारत आधीच उभी होती, तिलाच सूर्य मानलं आणि १ : २ कोटी हे प्रमाण त्यावरून निघालं. तुमच्याकडेही एखादी ठरलेली वस्तू असेल, शाळेच्या आवारातली गोल टाकी किंवा कारंज्याचं गोल कुंड, तर तिच्या व्यासाने सूर्याच्या व्यासाला, म्हणजे १३,९२,००० किमीला, भागून बघायला हरकत नाही. फक्त उत्तर अडनिड येतं आणि फलक वाचणारा कंटाळतो. आमचा कौल गोल आकड्याला.

शून्यांची गफलत

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या इसवी सन ८७६ च्या शिलालेखात २७० हा आकडा आजच्यासारखाच, गोल शून्य काढून कोरलाय, आणि तो आहे एका बागेच्या लांबीचा: २७० हात, रुंदी १८७ हात. एक हात दीड फुटाचा धरला तर १२० मीटरच्या आसपास. ५ अब्जाच्या प्रमाणात त्या बागेत मंगळ आरामात मावतो आणि गुरू भिंतीपलीकडे जातो.

ते शून्य ज्या गावात कोरलं गेलं, तिथेच सूर्यमालेच्या मॉडेलमध्ये सर्वाधिक चुका शून्यांच्याच होतात. पहिली चूक मिलियनची. इंग्रजी पुस्तकात १४९.६ मिलियन किमी असतं; मिलियन म्हणजे १० लाख, म्हणून ते १४.९६ कोटी. पोरं १४९.६ लाख लिहितात, किंवा १४९.६ कोटी, आणि पृथ्वी एकदम दहा पटीने सूर्याच्या जवळ नाही तर लांब जाते. दुसरी चूक खास आपल्याकडची, म्हणजे ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली, कारण घरी मराठी आणि शाळेत हिंदी. मराठीतला अब्ज आणि हिंदीतला अरब एकच, १ वर ९ शून्यं. पण मराठीतला खर्व म्हणजे १० अब्ज आणि हिंदीतला खरब म्हणजे १०० अरब. उच्चार जवळजवळ तोच, किंमत दसपट. फलकावर म्हणूनच खर्व-खरब लिहू नका. ‘१० अब्ज’ लिहा आणि शेजारी सगळी शून्यं मांडा.

तिसरी चूक व्यास आणि त्रिज्येची. बऱ्याच तक्त्यांमध्ये ग्रहाची त्रिज्या दिलेली असते, पृथ्वीची ६,३७१ किमी. एका ग्रहाची त्रिज्या आणि दुसऱ्याचा व्यास असं मिसळलं की गुरू शनीपेक्षा लहान होतो. तुमच्या तक्त्यात पृथ्वीपुढे १२,७०० च्या आसपासचा आकडा आहे ना, एवढं पाहा. असेल तर तक्ता व्यासांचा.

५ अब्जाचा तक्ता

आमच्या मते शहरातल्या शाळा-कॉलेजांसाठी, मंडळांसाठी १ : ५ अब्ज हे सर्वांत उपयोगी प्रमाण. बुध दिसतो, नेपच्यून पायी दहा-बारा मिनिटांवर येतो. आधी व्यास, मग सूर्याच्या केंद्रापासूनचं अंतर:

सूर्य: २७.८ सेंमी
बुध: १ मिमी, ११.६ मी
शुक्र: २.४ मिमी, २१.६ मी
पृथ्वी: २.५ मिमी, २९.९ मी
मंगळ: १.४ मिमी, ४५.६ मी
गुरू: २८ मिमी, १५६ मी
शनी: २३.३ मिमी, २८७ मी
युरेनस: १०.१ मिमी, ५७४ मी
नेपच्यून: ९.८ मिमी, ८९९ मी

प्लूटो घ्यायचाच असेल तर अर्ध्या मिलिमीटरचा, १,१८१ मीटरवर. त्याची कक्षा इतकी लांबट आहे की तो खगोलीय एककांत २९.७ पासून ४९.३ पर्यंत कुठेही असू शकतो, तेव्हा सरासरीवर फार वाद घालू नये. बुधाचीही कक्षा लांबटच: या मॉडेलमध्ये तो सूर्यापासून ९.२ मीटरवरही येतो आणि १४ मीटरवरही जातो.

अंतरं सगळी सूर्यापासूनची आहेत, आधीच्या ग्रहापासूनची नाहीत. हे तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा. टेप धरणाऱ्याने शुक्रापासून २९.९ मीटर मोजले की पृथ्वी मंगळाच्याही पलीकडे जाऊन बसते आणि पुढचं सगळं बिघडतं.

१० अब्ज घेतलेत तर वरचे सगळे आकडे निम्मे करा. सूर्य १४ सेंमीचा, म्हणजे पपनसाएवढा. गुरू १४ मिमी, साध्या कंच्यापेक्षा जरा लहान. युरेनस आणि नेपच्यून काळ्या मिऱ्याएवढे. नेपच्यून ४५० मीटरवर. बुध मात्र अर्ध्या मिलिमीटरचा होतो, हद्दीवर.

ग्वाल्हेरमध्ये कुठे

५ अब्जाला ९०० मीटर आणि १० अब्जाला ४५० मीटर एवढी सलग, उघडी, रहदारी नसलेली जागा हवी. मेळा मैदान १० अब्जाला सोयीचं आहे, पण मेळ्याचा हंगाम सोडून. हिवाळ्यात तिथे १९०५ पासून मेळा भरतो आणि त्या काळात नेपच्यूनपाशी आकाशपाळणा असतो. मोठ्या शैक्षणिक संस्थांच्या आवारातले आतले रस्ते ५ अब्जाला पुरतात. परवानगी लेखी घ्या आणि अर्जातच ‘काही चिकटवणार नाही, रंगवणार नाही, खणणार नाही’ हे लिहा, काम लवकर होतं.

जागा सरळ नसली तरी चालतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ग्रह काही रांगेत उभे नसतात. नेपच्यूनची कक्षा ८९९ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आहे आणि त्या वर्तुळावरचा कुठलाही बिंदू बरोबरच आहे. तेव्हा नकाशा छापून घ्या, सूर्याच्या जागी कंपासचं टोक रोवा, आठ वर्तुळं काढा आणि ती जिथे एखाद्या वाटेला छेदतात तिथे ग्रह ठेवा. रस्त्याच्या वळणावळणाने मोजलेलं अंतर मात्र वापरू नका. पायवाट ९०० मीटरची आणि सरळ अंतर ६०० मीटरचं असा फरक सहज पडतो. मोबाईलच्या नकाशात सरळ अंतर मोजायची सोय असते, तीच घ्या.

किल्ल्याचं पठार उत्तर-दक्षिण अडीच-पावणेतीन किलोमीटर लांब आणि अरुंद आहे, जणू या कामासाठीच घडवल्यासारखं. तिथे १ : २ अब्ज बसतं, नेपच्यून २,२४८ मीटरवर. या प्रमाणात एक गंमत आहे: पृथ्वी ६.४ मिमीची होते, आणि सायकलच्या मागच्या चाकातला पाव इंची छर्रा ६.३५ मिमीचा असतो. गुरू ७ सेंमीचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित लहान. सूर्य मात्र जवळजवळ ७० सेंमीचा होतो आणि तो वर न्यायला गाडी लागते. जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, म्हणून तिथे काहीही रोवायचं नाही. परवानगी काढून हातात धरायच्या फळ्या न्या आणि प्रत्येक ग्रहाला एक माणूस द्या.

गावभर मॉडेल हवं असेल तर १ अब्ज. सूर्य १.३९ मीटरचा, तो बाड्यावर, म्हणजे शहराच्या लष्कर भागातल्या मुख्य चौकात, धरला तर गुरू ७७९ मीटरवर लष्करच्या गल्ल्यांतच राहतो, युरेनस २.८७ किमीवर म्हणजे साधारण रेल्वे स्टेशनच्या टापूत आणि नेपच्यून साडेचार किमीवर, मुरारच्या वाटेला. इतकं अंतर पायी कोणी फिरत नाही. हे मॉडेल सायकल फेरीचं, आणि फलक दुकानदारांच्या किंवा शाळांच्या भिंतींवर लावता आले तरच.

दिवस निवडताना धुक्याचा विचार करा. जानेवारीत दाट धुकं असलं की सकाळी दहापर्यंत ग्वाल्हेरात १०० मीटरवरचं दिसत नाही, तेव्हा गुरूवरून सूर्य शोधणं व्यर्थ. मे-जूनच्या लूत, म्हणजे गरम वाऱ्यात, ९०० मीटर मुलांना चालवू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी चांगले.

दाणे, नाणी आणि सूर्य

खालच्या वस्तू ५ अब्जासाठी. लष्करच्या दाल बाजारात किंवा कुठल्याही किराणा दुकानात सगळं मिळतं, पण डोळ्याने निवडू नका. व्हर्नियर कॅलिपरने दाणे मोजून घ्या, कारण एकाच पुडीतली मोहरी १ पासून २ मिमीपर्यंत असते.

बुधाला खसखस, साधारण १ मिमी. मंगळाला बारीक मोहरी, १.४ मिमीची निवडून. शुक्र आणि पृथ्वीला बारीक साबुदाणा, २.५ मिमीच्या आसपासचा. गजकेतला तीळ लांबीला पुरतो पण चपटा असतो, तो घेऊ नका. युरेनस आणि नेपच्यूनला काबुली चणे, १० मिमीचे. भिजवलेले नकोत, सुकले की आकसतात. शनीला ५ रुपयांचं जुनं नाणं, व्यास २३ मिमी. गुरूला १० रुपयांचं, २७ मिमी, जे एका मिलिमीटरने कमी आहे पण चालून जातं. गोळाच हवा असेल तर शाडूचा करा, मात्र शाडू वाळताना आकसतो. आधी एक गोळा करून वाळवा, किती घटला ते मोजा आणि तेवढा वाढवून दुसरा करा. थर्मोकोल टाळा. सजावटीच्या थर्मोकोलवर जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि तसंही स्प्रेचा रंग मारला की त्याला खड्डे पडतात, कारण रंगातलं द्रावक त्याला विरघळवतं.

शनीची कडी जाड कागदाची कापा: आतला व्यास ३७ मिमी, बाहेरचा ५५ मिमी. ही ठळक दिसणाऱ्या कड्यांची मापं. नाण्याभोवती सगळीकडून ७ मिमीची फट राहायला हवी. कडी ग्रहाला चिकटवणं ही प्रदर्शनांतली नेहमीची चूक. जाडीबद्दल काही करता येत नाही. खरी कडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर जाडीची आहे आणि कागद ०.१ मिमीचा धरला तरी या प्रमाणात तो ५०० किमी जाड होतो.

चंद्र विसरू नका, तो पृथ्वीच्याच कार्डावर मावतो. ०.७ मिमीचा, म्हणजे जाड रव्याचा एक कण, साबुदाण्यापासून ७.७ सेंमीवर. बहुतेक लोक तो बोटभर अंतराच्या आतच ठेवतील. आधी त्यांना ठेवू द्या, मग मोजा. शिवाय त्या कार्डावर चंद्राची पूर्ण कक्षा काढलीत तर तिचा व्यास १५.४ सेंमी होतो, सूर्याच्या २७.८ सेंमीपेक्षा बराच कमी. पृथ्वी-चंद्राची अख्खी जोडी सूर्याच्या पोटात फिरू शकते, हे वाक्य सांगण्यापेक्षा कार्ड सूर्यासमोर धरणं जास्त परिणाम करतं.

सूर्य दोन प्रकारे होतो. सगळे ग्रह एकाच दिशेला असतील तर पिवळ्या पत्र्याची किंवा प्लायची चकती, त्रिज्या १३.९ सेंमी. ग्रह चहूकडे विखुरलेले असतील तर चकती बाजूने रेघ दिसते, तिथे गोळाच हवा. फुग्यावर कागदाचा लगदा चढवायचा तर व्यास मोजत बसू नका, घेर मोजा: तयार गोळ्याचा घेर ८७.५ सेंमी यायला हवा. लगद्याचा थर ३ मिमीचा धरला तर व्यास ६ मिमीने वाढतो, म्हणून फुगा ८५.६ सेंमी घेरापर्यंतच फुगवा. फुगा पेरूसारखा निमुळता होतो, देठाकडे जास्त थर देऊन तो गोल करावा लागतो. आणि हिवाळ्यात रात्रभर वाळत ठेवू नका. आतली हवा थंड होऊन फुगा आकसतो, ओला लगदा खचतो. पहिला थर दुपारच्या उन्हात पक्का करून घ्या.

दाणे काळ्या कार्डाच्या मधोमध फेव्हिकॉलच्या ठिपक्यावर बसवा. कार्ड ३० सेंमीचं ठेवलंत तर लांबून सापडतं, पण बघणारा कार्डालाच ग्रह समजतो. म्हणून दाण्याभोवती बारीक पांढरं वर्तुळ आणि ‘ग्रह आत आहे’ असा बाण हवाच. प्रत्येक काठीला वर झेंडी लावा. २.५ मिमीची पृथ्वी चांगल्या डोळ्यांनाही साडेआठ मीटरच्या पुढे दिसत नाही, झेंडीशिवाय लोक तिला ओलांडून निघून जातात.

अंतर टाकणं

मंगळापर्यंत मिस्त्रीचा ३० मीटरचा फायबर टेप. मोबाईलचं जीपीएस उघड्यावर चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं, बुध ११.६ मीटरवर असताना एवढी चूक म्हणजे जवळजवळ निम्मी. नेपच्यूनला तीच चूक अर्ध्या टक्क्याची, तिथे जीपीएस बिनधास्त वापरा. गुरू आणि शनी टेपनेच टाकलेले बरे, पण टेप उचलून पुढे नेताना जमिनीवर खडूची खूण करा, पायाने जागा धरून ठेवू नका. नायलॉनची दोरी ताणते, सुतळीही ताणते. दोरीच वापरायची तर टेपशेजारी ताणून खुणा करा आणि तेवढ्याच जोराने ओढून टाका.

पावलांनी मोजायचं असेल तर ३० मीटरवर तीनदा नेहमीच्या चालीने चालून पावलं मोजा, सरासरी काढा. मुद्दाम लांब टांगा टाकणारा माणूस शनीपर्यंत थकतो आणि त्याची पावलं आखूड होतात. स्कूटरचा मीटर १०० मीटरच्या टप्प्यात धावतो, १ अब्जाच्या गावभरच्या मॉडेलखेरीज त्याचा उपयोग नाही.

एक खूण लक्षात ठेवा: युरेनसचं अंतर शनीच्या बरोबर दुप्पट येतं, २८७ आणि ५७४. तसं आलं नसेल तर दोन्हींपैकी एक चुकलाय.

बरोबर झालंय का ते बघणं

पृथ्वीच्या कार्डापाशी उभं राहून मॉडेलच्या सूर्याकडे बघा. तो आकाशातल्या खऱ्या सूर्याएवढाच दिसायला हवा, साधारण अर्ध्या अंशाचा; हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या निम्म्या रुंदीचा. हे कुठल्याही प्रमाणात खरं असतं, कारण सूर्याचा व्यास आणि पृथ्वीचं अंतर दोन्ही सारखेच लहान झालेले असतात. २७.८ सेंमीचा गोळा २९.९ मीटरवरून ०.५३ अंशाचा दिसतो. तुलना खऱ्या सूर्याकडे बघून करू नका, डोळे जातील. पौर्णिमेचा चंद्र तेवढाच दिसतो, त्याची करंगळीशी तुलना आदल्या रात्री करून ठेवा. ही एक तपासणी सूर्य आणि पृथ्वीच्या आकडेमोडीतले घोळ उघडे पाडते: सूर्याची त्रिज्या घेतली असेल तर तो निम्मा दिसतो, शून्य चुकलं असेल तर दसपट.

गुरूपाशी तोच सूर्य ०.१ अंशाचा होतो. नेपच्यूनपाशी जेमतेम १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग. चांगल्या नजरेची हद्द तिथेच आहे, म्हणून ९०० मीटरवरून गोळा ठिपका होतो. दुर्बीण बरोबर ठेवा.

वाटेत सांगायला प्रकाशाचा वेग हाताशी असू द्या. ५ अब्जात प्रकाश सेकंदाला ६ सेंमी सरकतो, बुधाच्या कार्डापाशी फिरणाऱ्या धावऱ्या मुंगीसारखा. सूर्यापासून पृथ्वीच्या कार्डापर्यंत त्याला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. साध्या चालीने जाणारं मूल त्याच्या वीसपट वेगात असतं.

जागाच नसेल तर

३० मीटरचा व्हरांडा असेल तर फक्त अंतरं दाखवा: १ खगोलीय एकक म्हणजे १ मीटर. बुध ३९ सेंमी, शुक्र ७२ सेंमी, पृथ्वी १ मीटर, मंगळ १.५२, गुरू ५.२, शनी ९.६, युरेनस १९.२, नेपच्यून ३०.१ मीटर. सूर्य या प्रमाणात ९ मिमीचा, एक काबुली चणा. पृथ्वी केसाच्या जाडीची, तिला फक्त खूण. वर्गातल्या भिंतीवर याच्या दहाव्या हिश्शाने ३ मीटरची पट्टी होते.

त्या पट्टीवर ग्रह मोठे करून लावायचे असतील तर अंतरांचं आणि आकारांचं अशी दोन प्रमाणं चालवावी लागतात, आणि ती दोन्ही पट्टीवर लिहावी लागतात. ३ मीटरच्या पट्टीवर १ अब्जाच्या मापाचे ग्रह लावले तर आकार अंतरांच्या मानाने सुमारे १,५०० पटीने फुगवलेले असतात. सूर्य अशा पट्टीवर लावू नये. १.३९ मीटरचा सूर्य शून्यावर ठेवला तर त्याची कड ७० सेंमीपर्यंत येते आणि ५२ सेंमीवरच्या गुरूपर्यंतचे पाचही ग्रह त्याच्या आत जातात. भिंतीच्या कडेला फक्त त्याच्या काठाची कमान रंगवा.

१०० मीटरचंच मैदान असेल तर ५ अब्ज सोडू नका. मंगळापर्यंत खरं मांडा, आणि कुंपणापाशी बाण लावा: ‘गुरू इथून पुढे, सूर्यापासून १५६ मी’, ‘नेपच्यून ८९९ मी’, समोर कुठली इमारत किंवा चौक येतो त्याचं नाव टाकून. अर्धंच पण खरं मॉडेल पूर्ण पण खोट्यापेक्षा जास्त शिकवतं.

शेवटच्या फलकावर सर्वांत जवळचा तारा हवा. प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. १० अब्जाच्या प्रमाणात ४,०११ किमी. ग्वाल्हेरपासून कन्याकुमारी सरळ रेषेत दोन हजार किमीच्या थोडी पुढे आणि जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला आहे, तेव्हा बाण दक्षिणेकडे करून लिहा: कन्याकुमारीला जाऊन परत. ५ अब्ज असेल तर दोन खेपा.

मॉडेल दोन-चार दिवस ठेवायचं असेल तर साबुदाणा आणि खसखस नेलपॉलिशच्या दोन हातांनी बंद करा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी पृथ्वी मुंग्यांनी नेलेली असते.